कढीपत्ता चावा आणि गोळ्या सोडा? हे थांबवा!

माजघर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज फिरतोय: ‘रोज रिकाम्या पोटी कढीपत्त्याची 10 पानं चावा, मधुमेह मुळापासून जाईल, गोळ्या बंद करा.’ पानं चावा हो, कोण अडवतंय? पण गोळ्या बंद? माझ्या मामीने हेच केलं. पायाची जखम भरेना म्हणून तपासलं तर साखर 400 च्या वर. उंदरांना कढीपत्त्याचा अर्क दिल्यावर साखर उतरली, हे खरं आहे. पण अर्क मोजून देतात, आपण झाडाची पानं ओरबाडतो. माणसांवरचा पुरावा फार तोकडा आहे.

वाईकर
उंदीर राहू देत. माझ्या आजीने नव्वदी ओलांडली. पडसं झालं की गवती चहा, पोट धरलं की ओवा आणि सैंधव. परक्या देशाचा शिक्का बसल्याशिवाय तुम्हाला काही पटतच नाही. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 मध्ये दिलं, ते 1997 मध्ये माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने रद्द करायला लावलं. कशाच्या जोरावर? आपल्या जुन्या ग्रंथांच्याच ना?

माजघर
‘हे भारतात आधीपासून माहीत आहे, नवा शोध नाही’ म्हणून रद्द झालं ते. हळदीचा गुण तिथे कुणी तपासला नाही. आणि ओव्याने गॅस सरला म्हणून कढीपत्त्याने मधुमेह जातो, हे कुठलं गणित?

फोडणीवाली
मला भलताच राग आहे. औषध म्हणून पानं चावणारी हीच मंडळी पोह्यांतला कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला लावतात. दोष फोडणीचाही आहे. धुरकटलेल्या तेलात पानं टाकली की काळी आणि कडू होणारच. मोहरी तडतडली की गॅस बारीक करा, हिंग घाला, मग पुसून कोरडी केलेली पानं. हळद सगळ्यांत शेवटी.

वाईकर
गॅस बारीक? पान लिबलिबीत होतं आणि वास तेलात उतरतच नाही. आमच्याकडे तेल कडकडीतच असतं.

फोडणीवाली
म्हणूनच तुमच्याकडे पानं ताटात उरत असतील! कोवळी पानं घ्या, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची आणि चिमूटभर साखर घालून चटणी वाटा. एक पान उरलं तर सांगा. माझी मुलं भाकरीबरोबर रोज मागतात.

वाईकर
चटणीत साखर? ती पुण्याची तऱ्हा. आमच्यात चिंच घालतात.

औषधवाली
चटणी बाजूला ठेवा जरा. मी औषधांच्या दुकानात बसते. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणारे एक काका अचानक रोज पेलाभर कोथिंबिरीचा रस पिऊ लागले. कोथिंबिरीत के जीवनसत्त्व भरपूर, ते या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, घसरला, डॉक्टरांना डोस बदलावा लागला. आमटीवर भुरभुरवलेल्या कोथिंबिरीने काही होत नाही. पेलाभर रसाने होतं. औषध चालू असेल तर असा रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

वाईकर
गोळ्या सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मेसेजमधलं तेवढं वाक्य चूक आहे, ठीक आहे, ग्रुपवर तसं लिहितो. आजीच्या ओव्याबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही. आणि फोडणीला तेल कडकडीतच लागतं.