सात कुडोजवाला गॅरक

एओथ्री (Archive of Our Own) ही फॅनफिकची, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांची, साइट. तिथे 'कुडोजप्रमाणे (वाचकांनी दिलेल्या पसंतीप्रमाणे) क्रम लावायचा, वरच्या वीस कथा वाचायच्या, बाकी सगळा भुसा' असं एक मत ऐकलं, ते अर्धंच पटलं. वरच्या वीस चांगल्या असतात, वाद नाही. पण 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'सारख्या १९९३ ते १९९९ च्या टीव्ही मालिकेला हा नियम लावला की घोटाळा होतो. एओथ्री सगळ्यांसाठी खुलं झालं २००९ मध्ये. त्याआधीच्या कितीतरी कथा 'ओपन डोअर्स' प्रकल्पाने जुन्या साइट्सवरून तिथे आणून ठेवल्यात. कथा आल्या, पण तेव्हाच्या वाचकांची वाहवा थोडीच सोबत आली?

मला अशीच एक सापडली, मोजून सात कुडोज. मालिकेतला डॉ. बशीर उसवलेली बाही घेऊन गॅरकच्या, म्हणजे एकेकाळी हेर असलेल्या शिंप्याच्या, दुकानात येतो, बस्स. गॅरक टाके घालताघालता नुसत्या फाटलेल्या कडेवरून ओळखतो की डॉक्टर काल कुठे होता. हेरगिरीचं नावसुद्धा नाही, तरी शेवटी अंगावर काटा. आणि फॅनफिकला नाक मुरडणाऱ्यांसाठी: गॅरक साकारणारा अँड्र्यू रॉबिन्सन स्वतःच त्या पात्राची रोजनिशी लिहायचा आणि चाहत्यांच्या मेळाव्यांत वाचून दाखवायचा. त्यातूनच २००० साली 'अ स्टिच इन टाइम' ही कादंबरी झाली. आता बोला!

तर क्रम तारखेचा ठेवा, थेट शेवटच्या पानावर जा आणि तिथून उलटं वाचत या. भुसा लागेल, पण तो वरच्या विसांतही असतोच की.