शब्दचर्चा : सरपंचातला 'सर' आणि शाळेतले 'सर'

भाचीने परवा विचारलं, "मामा, सरपंच म्हणजे पंचांचे सर ना?" अर्थ तिने बरोबर ओळखला होता, व्युत्पत्ती मात्र साफ चुकली होती.

सरपंचातला 'सर' फारसी. फारसीत सर म्हणजे डोकं, त्यावरून प्रमुख, वरचा. सरदार, सरकार, सरदेशमुख, सरनौबत, सरहद्द ही सगळी त्याचीच प्रजा. आपली सरासरीसुद्धा! 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा आवडता शब्द सरखेल. त्यातला 'खैल' अरबी, मुळात घोड्यांचा, मग घोडेस्वारांच्या तुकडीचा. आणि हा किताब मराठीत गाजला तो कान्होजी आंग्र्यांमुळे, म्हणजे आरमाराच्या प्रमुखामुळे!

या फारसी सरचं आपल्या 'शिर'शी सख्खं नातं आहे. मेंदूला लॅटिनमध्ये 'सेरेब्रम' म्हणतात, तोही याच भावकीतला.

शाळेतले सर अगदी वेगळ्या घरचे. लॅटिन 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, 'सीनियर' म्हणजे वयाने मोठा. तो फ्रेंचमध्ये झिजत झिजत इंग्रजीत 'सर' झाला. स्पॅनिश 'सेन्योर' आणि विद्यापीठातली 'सिनेट' त्याचीच भावंडं. गंमत पुढेच आहे. सेनेक्सचा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे 'सन', जुना. त्यावरूनच 'सनातन'. म्हणजे सर आणि सनातन हे नातेवाईक, पण सर आणि सरपंच यांची ओळखदेखील नाही.

— पावसाची सर राहिलीच की! आणि मोत्यांचा सर? अमृतसर?

— राहिली खरी. मराठीत यांचा घोळ होत नाही तो लिंगामुळे. 'सर आली' म्हटलं की आडोसा शोधायचा, 'सर आले' म्हटलं की उभं राहायचं. मोत्यांचा सर पुल्लिंगी, 'त्याची सर याला नाही' मधली स्त्रीलिंगी. ही बरोबरीची सर मला तरी 'सारखा'च्या जवळची वाटते, आणि सारखा आला 'सदृक्ष'वरून. 'सर करणे' मधला सर मात्र कुणाचंच ऐकत नाही: गड सर केला, मोहीम सर केली, शिखर सर केलं. तो पुन्हा फारसीच.

अमृतसरमधला सर म्हणजे तळं, संस्कृत 'सरस्'. सरोवर आणि सरस्वती त्याच्याच. काश्मिरात तळ्यांच्या नावांत तो सर्रास दिसतो: विशनसर, किशनसर, गडसर. यातल्या 'गड'चा किल्ल्याशी संबंध नाही, काश्मिरीत तो मासा. तेव्हा गडसरला जाऊन आलेल्या ट्रेकरने 'गडसर सर केला' असं लिहिलं, तर त्यातला एक सर पाण्याचा आणि दुसरा डोक्याचा.

— हिब्रूत मंत्र्याला 'सर' म्हणतात असं वाचलंय. मग हा फारसीतून गेला की फारसीने तिकडून घेतला? आणि रशियाचा झार?

— दोन्ही नाही. हिब्रू सर सेमिटिक कुळातला. अक्कादीत राजाला 'शर्रु' म्हणत, मेसोपोटेमियाच्या सार्गोन राजाच्या नावात तोच आहे. अर्थही जुळतो, उच्चारही जुळतो, म्हणून मोह होतो. पण नातं नाही. झार तर रोमच्या 'सीझर'चा अवतार.

असाच मोह सराफ पाहून होतो. तिथे 'सर' वेगळा काढायला जाऊ नका. अरबीत 'सर्राफ' म्हणजे नाणी पारखून बदलून देणारा, शब्द अख्खा आहे. सरबतही अरबीच, 'पिणे' या धातूवरून आलेलं. त्याच धातूची दुसरी लेक शराब, पण हे भाचीला आणखी काही वर्षांनी सांगेन.