पीएचडीला गाइड एकच पुरे, की बाहेरचाही जाणकार धरावा?

कापूसपट्टा: यवतमाळ-गडचिरोलीकडच्या कॉलेजातून पीएचडी करणाऱ्याने गाइडशिवाय बाहेरचा एक जाणकार धरावाच. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला 8, सहयोगीला 6, सहायकाला 4 विद्यार्थी घेता येतात. वर नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), परीक्षा, पेपर तपासणी. मसुदा टेबलावर पडून राहतो. बाहेरच्याला मात्र प्रबंधाचं अख्खं प्रकरण पाठवू नका. दोन पानं, एक तक्ता आणि एकच प्रश्न: "नमुन्याला एवढी शेतं पुरतील का?" याला उत्तर येतं, "सर, जरा बघून घ्या"ला येत नाही.

वऱ्हाडी मास्तर: भाऊ, बाहेरच्याले तक्ता दिसते, वावर नाही दिसत. मातीचंच घ्या. नमुना बांधाजवळून, झाडाखालून, नाहीतर शेणखताच्या ढिगाजवळून घेतला की गेला. व्ही आकाराचा खड्डा, 15 सेंमी खोल, कडेची वरपासून खालपर्यंत सारखी चकती. 8-10 जागांची माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणायची. वाळवायची सावलीत. जस्त तपासायचं आणि माती जस्ताचा मुलामा चढवलेल्या बादलीत, म्हणजे आकडा फुगलाच! हे व्हिडिओ कॉलवर कोण पकडणार? गाइडनंच बांधावर उभं राहावं.

धुऱ्यावरची: गाइड बांधावर येतात कुठे, सर? आणि तुम्ही दोघंही संशोधन सल्लागार समिती विसरलात. दर सत्रात तिच्यापुढे सादरीकरण नियमातच आहे. बऱ्याच ठिकाणी चहा-बिस्किटं आणि सह्या. गाइडशी बोलणं झालं की त्याच दिवशी "आज हे ठरलं" असा चार ओळींचा मेल टाकावा. गाइड मध्येच बदलले तर तोच कामी येतो. बाहेरच्याला धरायचं तर रीतसर सहमार्गदर्शक करा. तोंडी कारभारात पेपरवर कुणाचं नाव आधी, यावरून वाजतंच.

कापूसपट्टा: समितीत गाइडच्याच बाजूच्या खोलीतले सर. चूक दाखवणार कोण? आणि सहमार्गदर्शकासाठी गाइडची संमती लागते, तिथेच घोडं अडतं. नावांचा क्रम पहिल्या मेलमध्येच लिहून घ्या, बस.

वऱ्हाडी मास्तर: धरा मग बाहेरचा, पण पहिल्या नमुन्याआधी धरा. कपाशीची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की एप्रिल-मेमध्ये माती घ्यायची. साहेबाचा सल्ला जुलैत आला तर खत पडून गेलेलं असते, अन् ते वर्ष गेलं.