बागेतल्या दिव्यांना रिमोट: वायफायचा घ्यावा की साधा आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचा?

पाषाणची_सून
घर पाषाणला, बैठं, काळ्या दगडाच्या भिंतींचं. मागच्या बागेत नारळाखाली, चाफ्याखाली आणि वृंदावनापाशी मिळून दहा स्पाइक लाइट (जमिनीत खोचायचे दिवे) आहेत, प्रत्येकी 5 वॉट, 12 व्होल्टचे. पायवाटेला चार बोलार्ड, म्हणजे बुटक्या खांबांचे दिवे, ते थेट 230 व्होल्टवर. ट्रान्सफॉर्मर मागच्या दाराबाहेर छज्जाखाली पत्र्याच्या पेटीत आहे, बोलार्डची वायरही तिथूनच फुटते. पण सगळ्याचा खटका पुढच्या पोर्चमध्ये! ज्याने ही वायरिंग केली त्याला दिवेलागणीला एकदा मागे पाठवायला हवं होतं. सासूबाई रोज तुळशीपाशी दिवा लावायला जातात, तेव्हा पायवाट अंधारात. पोर्चपर्यंत जाऊन परत यायचं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.
वायरमन म्हणतो वायफायचा स्विच टाकू. राउटर हॉलमध्ये, पेटी तिथून बरीच लांब, मध्ये दोन दगडी भिंती. सासूबाई मोबाइल फक्त फोन उचलायला वापरतात, त्यामुळे कृपया अ‍ॅप सुचवू नका. शिवाय आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. काय घ्यावं?

कोथरूडचा_निल्या
मेश राउटर (घरभर रेंज पसरवणारे जोडराउटर) घ्या, विषय संपला. आमच्या गच्चीपर्यंत फुल रेंज आहे.

पॅनेलवाला
निल्या, तुझ्या गच्चीच्या मध्ये दीड-दोन फुटांचा दगड नाही. आणि एक बटण दाबायला आधी राउटर चालू, मग इंटरनेट चालू, मग कंपनीचा सर्व्हर जागा, एवढी उतरंड कशाला रचायची?
ताई, तुमच्यासाठी 433 मेगाहर्ट्झचा आरएफ रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा इशारा पकडणारा डबा, दोन चॅनलचा. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा ही लहर लांब असते, भिंतीतून आणि ओल्या पानांतून बरी जाते. टीव्हीसारखा इन्फ्रारेड रिमोट नको, त्याला समोरासमोर धरावं लागतं.
रिसीव्हर पेटीपाशीच बसवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिथे आहेत. पण पत्र्याच्या पेटीत कोंडलात तर रिमोट दोन पावलांवरूनही अडेल. अँटेनाची वायर, साधारण 17 सेंटिमीटर, पेटीबाहेर सरळ खाली सोडा, गुंडाळून ठेवू नका. त्याहून चांगलं म्हणजे शेजारी प्लास्टिकचा आयपी65 (धूळ-पाणी आत न घेणारा) बॉक्स लावा, वायरी खालून, ग्लँडमधून, म्हणजे वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून घ्या. वरून घेतल्या की जूनमध्ये पाणी वायरीवरूनच आत उतरतं.
रिसीव्हरमधला रिले, म्हणजे दिवे चालू-बंद करणारा त्याचा खटका, ट्रान्सफॉर्मरच्या 230 बाजूला टाका. दहा दिव्यांचे 50 वॉट म्हणजे 12 व्होल्टला चार अँपिअरच्या वर, तेच 230 ला पाव अँपिअरच्या आत. तरी रिले 10 अँपिअरचाच घ्या, ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर करंट मोठा घेतो.
लर्निंग कोडवालाच मागा, म्हणजे रिमोटचा स्वतःचा वेगळा कोड रिसीव्हर शिकून घेतो. जम्परवाल्या, म्हणजे आतल्या पिना जोडून कोड ठरवायच्या जुन्या रिमोटचे कोड मोजके असतात, शेजाऱ्याने तसाच आणला तर तुमचा चाफा तो उजळवेल. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, दोन्ही मिळतात, दुकानदार आपणहून फरक सांगणार नाही.

सहकारनगर_आजोबा
एवढा खटाटोप कशाला? फोटोसेल (उजेड ओळखणारा खटका) लावा. अंधार पडला की दिवे आपोआप.

पॅनेलवाला
आजोबा, झाडाखालचा फोटोसेल जुलैत भरदुपारी दिवे लावतो. पण आपोआपचं तुमचं म्हणणं मला पटलं, आणि ताई, खरं तर तुमचं निम्मं काम रिमोटचं नाहीच. सासूबाईंनी रोज बटण शोधावंच का? बोलार्डला अ‍ॅस्ट्रो टायमर लावा. पुण्याचे अक्षांश-रेखांश, 18.5 आणि 73.9, एकदा भरले की सूर्यास्त तो स्वतः काढतो. साधा टायमर इथे फसतो: जूनअखेर सूर्य सव्वासातला मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आत. आत बॅटरी असलेला घ्या, म्हणजे गुरुवारी घड्याळ मागे पडणार नाही.
मग रिमोट उरला फक्त स्पाइकना, आणि ते हौसेचे दिवे. पाहुणे आले की लावा, एरवी चाफ्यालाही झोपू द्या.

पाषाणची_सून
हे तर सुचलंच नव्हतं. दोन शंका. पोर्चच्या खटक्याचं काय करायचं? आणि वीज परत आल्यावर दिवे दिवसाढवळ्या लागले तर?

पॅनेलवाला
खटका कायम चालू. कुणी सवयीने बंद केला तर टायमर आणि रिमोट दोन्ही मुके होतील, म्हणून त्यावर झाकण लावा. पेटीत टायमरला समांतर एक साधा खटका ठेवा, टायमर बिघडला तरी पायवाट उजळेल.
दुसऱ्या शंकेचं उत्तर दुकानातच मिळवा. काही रिसीव्हर वीज आल्यावर बंद उठतात, काही आधीच्या स्थितीत. तुम्हाला बंद उठणारा हवा. काउंटरवरच प्लग काढून परत लावायला सांगा.
रिमोट मोठ्या बटणांचा घ्या, मागच्या दाराच्या आत खिळ्याला टांगा. बहुतेकांत 12 व्होल्टचा छोटा 23ए सेल असतो, एक जादा आणून ठेवा. आणि बोलार्ड 230 वर आहेत, तेव्हा त्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) आहे का ते आधी बघा. नसेल तर रिमोट राहू दे, ती पहिली बसवा. ओल्या पायवाटेवरून सासूबाई अनवाणी जात असतील ना?

पाषाणची_सून
अनवाणीच जातात. वायरमनला उद्या बोलावते, आरसीसीबीपासून सुरू करू.