पस्तिशीपुढच्या सर्व स्त्रियांची सरसकट मॅमोग्राफी करावी का?

मृणालिनी:
आमच्या गृहसंकुलाच्या महिला मंडळाने महिला दिनानिमित्त मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या क्ष-किरण तपासणीची, फिरती गाडी बोलावली असून पस्तिशीपुढच्या प्रत्येकीने तपासणी करून घ्यावी, असा आग्रह धरला आहे. या सरसकटपणाला माझा विरोध आहे. जिला गाठ लागते आहे, जिची त्वचा आत ओढली गेली आहे किंवा जिच्या स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो आहे, तिने वय न पाहता थेट डॉक्टरांकडे जायचे असते; तिने शिबिराची वाट पाहणे धोक्याचेच. प्रश्न आहे तो कसलीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडवस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ३० ते ६५ या वयोगटासाठी दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे, मॅमोग्राफी नव्हे.

स्नेहल:
याच अभ्यासाचा दुसरा भाग तुम्ही वगळलात. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, आणि सर्व वयोगट एकत्र धरले तर जी १५ टक्के घट दिसते ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी गाठतो. मग चाळिशीतल्या बाईने काय करायचे? ब्रिटनमध्ये चाळिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफी केलेल्या स्त्रियांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले; त्यांत पहिल्या दहा वर्षांत मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०२४ मध्ये सरसकट तपासणीचे वय पन्नासवरून चाळीसवर आणले, मात्र दर दोन वर्षांनी.

अनिरुद्ध:
‘एकचतुर्थांश’ ऐकायला मोठे वाटते, पण मूळ धोकाच लहान असतो. त्याच ब्रिटिश चाचणीच्या हिशेबाने एक मृत्यू टाळण्यासाठी साधारण ११५० स्त्रियांची तपासणी करावी लागते. शिवाय अतिनिदानाविषयी कुणीच बोलत नाही. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार पन्नाशीपासून वीस वर्षे तपासणीला बोलावलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असा कर्करोग सापडतो, जो न सापडता तर त्यांना जन्मभर त्रास देता ना. त्या १२९ जणींपैकी कुणालाही आपण ‘त्यातल्या’ आहोत हे कधीच कळत नाही. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मात्र होतात.

सुप्रिया:
मी मॅमोग्राफी तंत्रज्ञ आहे, म्हणून तपासणीच्या टेबलाजवळचे सांगते. प्रत्येक स्तनाच्या दोन, अशा चार प्रतिमा घेतो, आणि प्रत्येक वेळी स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबावा लागतो. किरणांची मात्रा अत्यल्प असते. त्याची भीती बाळगू नये. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते. ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे पस्तिशीत बरेच काही निसटते आणि सोनोग्राफी जोडावी लागते. काखेत पावडर किंवा डिओडरंट लावून येऊ नये, कारण त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटू शकतात. अहवालात ‘बायरॅड्स शून्य’ (बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष सांगणारी श्रेणी) आले की बायका रडू लागतात. त्याचा अर्थ कर्करोग असा नसून ‘आणखी प्रतिमा किंवा जुन्या फिल्म्स हव्यात’ एवढाच असतो. जुन्या फिल्म्स जपून ठेवाव्यात, हे मी प्रत्येकीला सांगते आणि फार थोड्या ते ऐकतात.

स्नेहल:
अनिरुद्ध, अतिनिदानाची चिंता जिथे घरोघर तपासणीचे बोलावणे जाते तिथली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधी तरी झालेल्या जेमतेम ०.९ टक्के होत्या. इथे गाठ हाताला लागूनही बाई महिनोन्महिने गप्प राहते.

मृणालिनी:
तो ०.९ चा आकडा माझ्याच बाजूचा आहे. हाताने तपासणीसुद्धा पोहोचलेली नसताना यंत्राने सुरुवात कशासाठी? गाडीवाल्यांना मी विचारले, की संशयास्पद अहवाल आलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी आणि बायॉप्सी कोण करणार? उत्तर मिळाले, ‘रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.’ पाठपुराव्याचे रुग्णालय ठरल्याशिवाय शिबिर घेऊ नये आणि चाळिशीच्या आतल्यांना त्यात बोलावू नये, असे मी मंडळाला लेखी कळवते आहे. जिच्या आईला किंवा बहिणीला हा आजार झाला आहे, तिने मात्र वेगळा सल्ला घ्यावा. तिच्यासाठी वयाचे आणि चाचण्यांचे नियम निराळे असतात, कधी एमआरआयही लागतो.

स्नेहल:
पाठपुराव्याची आणि चाळिशीच्या आतल्यांची अट मान्य आहे. चाळीस ते पन्नासमधल्या स्त्रियांना मात्र दोन्ही बाजूंचे आकडे देऊन निर्णय त्यांच्यावर सोपवा; त्यांची नावे यादीतून परस्पर काढू नका.