बाळंतपण साताऱ्याला, क्लास पुण्यात. पैसे भरावेत का?

हडपसरकर

नमस्कार मंडळी. बायकोला सातवा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. आठवा लागला की ती साताऱ्याला माहेरी जाईल, तिथल्याच एका खासगी दवाखान्यात नाव घातलंय. इथं पुण्यात प्रसूतीपूर्व क्लास आहे, फी ९ हजार, शनिवार-रविवार मिळून ८ बैठका. श्वसन, व्यायाम, मोठा बॉल, स्तनपान, बाळाची अंघोळ, शिवाय गर्भसंस्काराचं संगीत.

सासूबाईंचं म्हणणं, "आमची तीन-तीन झाली, कोण गेलं होतं क्लासला?" माझी आई म्हणते, तेच पैसे बाळंतविड्याला ठेवा. पण बायकोला जायचंय. कळा सुरू झाल्यावर आपलं काय होईल या धास्तीनं तिला रात्री झोप नाही. मला फिरती शिफ्ट आहे, ऐनवेळी मी साताऱ्यात असेनच असं नाही. अशा वेळी क्लासचा उपयोग होतो का?

अर्चना_ठाणे

मी ऑनलाइन केला होता. श्वसन आणि बाळाला छातीशी धरायची पद्धत, या दोन गोष्टी खरंच कामाला आल्या. संगीताच्या बैठका मी सोडून दिल्या. वहिनींना जायचं असेल तर जाऊ द्या, मनाची तयारी होते.

सिस्टर_मिरज

हडपसरकर, मी सरकारी दवाखान्यात लेबर रूमला स्टाफ नर्स होते. निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतल्या आणि आसपासच्या गरोदर मुलींना घरी बसवून शिकवते, फी घेत नाही. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

क्लासचा उपयोग होतो, पण तो एकट्या तुमच्या बायकोनं करून भागणार नाही. कळा सुरू होतील तेव्हा शेजारी तिची आई असणार. बाळ रडलं की "दूध पुरत नाही" हे ठरवणारीही तीच. मग शिकायला आधी सासूबाईंना बसवा. माझ्याकडे मुलगी एकटी आली तर मी तिला परत पाठवते, "घरातलं कुणीतरी घेऊन ये."

आमच्याकडे रोज दिसायचं ते सांगते. गर्भपिशवीचं तोंड दोनच सेंटीमीटर उघडलेलं असताना पहिलटकरीण येऊन दाखल होते. पहिल्या खेपेला एवढ्यावरून पुढं जायला कितीतरी तास लागतात. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर खऱ्या वेगाच्या कळा सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटलंय. पण हे नातेवाइकांना कुणी सांगितलेलंच नसतं. चार तासांत बाहेरून सुरू होतं, "बघवत नाही हो डॉक्टर, सिझर करून टाका." गरजेचं सिझर जीव वाचवतं, त्याला नाव ठेवायचं नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात शंभरातली २५ बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात, आणि देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७. त्यातली काही घरच्यांच्या घाबरण्यातून होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मी पहिल्या दिवशी श्वसन शिकवत नाही. आधी खोटी कळ आणि खरी कळ. पोटावर हात ठेवायचा, पोट घट्ट झालं की घड्याळ बघायचं, परत घट्ट होईल तेव्हा परत बघायचं. पाणी पिऊन, चार पावलं चालून, कुशीवर पडून थांबली तर खोटी. दर पाच मिनिटांनी येते, मिनिटभर टिकते आणि असं तासभर चाललंय, तर सामान उचला आणि दवाखान्यात निघा. काही बाबतींत मात्र तास मोजत बसायचं नाही: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (हिरवट असेल तर अधिकच घाई), बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं. तेव्हा लगेच निघायचं. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२.

मग बर्फ. मुलीच्या मुठीत बर्फाचा खडा देते आणि मिनिटभर धरायला सांगते, तेवढीच एक कळ असते. पहिल्यांदा ती दात-ओठ आवळते, खांदे कानाला लागतात. दुसऱ्यांदा खांदे खाली सोडून, लांब फुंकर घालत तोच खडा धरते. मग तिच्या आईच्याही हातात देते. आईला एकदा कळलं, की कळ चालू असताना "ओरडू नको गं" म्हणण्यापेक्षा "हळू सोड श्वास, संपत आली" म्हटलेलं जास्त लागू पडतं. सोबत कंबर चोळायला शिकवते: माकडहाडाच्या जरा वर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं, चांगला जोर देऊन. आणि एक सक्त ताकीद, पिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटीमीटर उघडून आम्ही सांगेपर्यंत "जोर लाव, जोर लाव" म्हणायचं नाही. पोर आधीच दमून जाते आणि खरी वेळ येते तेव्हा अंगात त्राण उरत नाही.

बाळंतपणानंतरचा भाग तर सगळा आजीच्याच हातात असतो. पहिल्या तासात बाळ छातीशी, चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, वाया घालवायचा नाही. मध, गुटी, साखरपाणी काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, घरचे घाबरून पावडरचा डबा आणतात. त्याऐवजी लंगोट मोजा: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात ओल्या होत असतील तर दूध पुरतंय. वजन दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त उतरलं किंवा बाळ मलूल दिसलं, तर डॉक्टरांकडे. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, मालीश जरूर करा, त्यात आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. फक्त दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवू नका. बंद खोलीतला तो धूर आई-बाळाच्या जिवावर बेततो.

आता पैशांचं. साताऱ्याच्या दवाखान्यात आधी विचारा: लेबर रूममध्ये सोबत कोण चालतं? कळांमध्ये तिला उठून फिरू देतात का? सरकारी दवाखान्यांत सोबतीला एक बाई ठेवायला केंद्रानं २०१६ पासून परवानगी दिलीय. खासगीत ज्याचा त्याचा नियम. तिथं कुणीच आत चालत नसेल, तर क्लासमधलं अर्धं दाराबाहेर राहील. पुण्याच्या क्लासला विचारा, कळा, स्तनपान आणि सिझरनंतरची काळजी एवढ्याच बैठका ऑनलाइन देतील का, सासूबाईंना सोबत घेऊन. "नॉर्मलची गॅरंटी" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. गाणी ऐकून बाळ हुशार होतं म्हणून फी मागणाऱ्यालाही नाही. तिला आवडत असतील तर घरी लावा, त्याला पैसे कशाला?

कोथरूडचा_बाबा

सिस्टर, सगळं पटलं. एक भर घालतो. दादा, तुम्ही निदान बाळाच्या बैठकीला बसाच. लंगोट बदलणं, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, रात्रीची पाळी वाटून घेणं, यात शिफ्ट आड येत नाही. आणि रजेचं आत्ताच बोलून ठेवा. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगीत कायद्याचं बंधन नाही, त्यामुळे साहेबांच्या मर्जीवर आहे.

हडपसरकर

सर्वांचे आभार. दवाखान्यात फोन केला. एक बाई आत चालते, फिरूही देतात. क्लासवाल्या ताई तीन बैठका ऑनलाइन द्यायला तयार आहेत. सासूबाईंना सिस्टरांचं बर्फाचं वाचून दाखवलं. "मी धरते की," म्हणाल्या. रविवारी त्या साताऱ्याहून जोडल्या जातील, मीही बसतोय. एक राहिलं: कळा चालू असताना खायला द्यायचं का? इथं कुणी पाणीसुद्धा नको म्हणतं.

सिस्टर_मिरज

छान केलंत. काही गुंतागुंत नसेल तर पाणी, पेज, नारळपाणी घोट-घोट चालतं, उपाशी पोटी कळा सोसवत नाहीत. पण सिझरची शक्यता दिसत असेल किंवा पाठीतून वेदनाशामक घ्यायचं असेल तर डॉक्टर बंद करायला सांगतात, तेव्हा त्यांचं ऐकायचं. पुढच्या तपासणीला हा प्रश्न त्यांनाच विचारून घ्या आणि सासूबाईंच्या समोर विचारा. फाइल, रक्तगटाचा कागद आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एकाच पिशवीत घालून आठव्याच्या सुरुवातीलाच साताऱ्याला पाठवून द्या.