पिंग लागतं पण वायफायचं नाव गायब
तुम्ही म्हणताय बाहेरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा) लाइट चालू असतो, पिंगही लागतं (नेटवर्कवरून विचारलं तर तो उत्तर देतो), पण 5 गिगाहर्ट्झचं नाव मधेच गायब होतं आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतं. कुणी फॅक्टरी रीसेट सुचवलं असेल तर ते एवढ्यात नका करू हो, लॉग (एपीने ठेवलेल्या नोंदी) पुसले जातील. आधी चॅनल बघा, 52 ते 144 मधला असेल तर रडारचा सिग्नल आल्यासारखं वाटलं की एपीला तो सोडावाच लागतो आणि दुसऱ्या तशाच चॅनलवर गेला तरी निदान 60 सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं, तोवर नाव दिसणारच नाही. लॉगमधे डीएफएस (रडार दिसलं की चॅनल सोडायची ही व्यवस्था) किंवा रडार हे शब्द शोधा, आणि बाहेर वापरायला परवानगी असलेला, रडारची अट नसलेला चॅनल लावून दोन दिवस बघा.

2.4 गिगाहर्ट्झचं नाव पण सोबत जात असेल तर मात्र मला केबलचा संशय येतो. आमच्या गच्चीवरच्या एपीचं तेच झालेलं, कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवट थर, पाणी केबलवरून ओघळत थेट आत गेलेलं. नवीन कनेक्टर मारला, एपीच्या खाली केबलला एक वळसा दिला म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही.